नैवेद्याचे दाखले

“ही आमचं सॅम्पल,” सर पाहुण्यांना म्हणाले. “ऊसतोड्यांच्या घरची. फिल्डवर्क घरातच, प्रवासखर्चसुद्धा वाचतो.”

पाहुणे हसले. मीही हसले. तोंडाला सवय असते.

माझ्यामागं आई कपबशी धरून उभी होती. तिनं ऐकलं.

नगरच्या आमच्या कॉलेजात त्या दिवशी सरांचा सत्कार होता, त्यानंतरच्या चहाच्या वेळची ही गोष्ट. सर माझे गाइड. त्यांच्या सहीशिवाय माझी पीएच.डी. तसूभर सरकत नाही. माती, दूधसंस्था, शेततळी, ओव्या, ऊसतोड. सरांचा लेख नाही असा विषय नाही. आणि दुसऱ्यांच्या लेखांत सरांच्या लेखांचे दाखले तर ढिगानं. संशोधनात माणसाचं वजन या दाखल्यांवरच होतं. “असा चौफेर विद्वान जिल्ह्यात दुसरा नाही,” पाहुणे भाषणात म्हणाले होते. टाळ्या थांबेनात.

दाखले कसे जमतात ते आम्हाला विचारा. सरांकडच्या विद्यार्थ्यानं कशावरही लिहो, सरांचे पाच-सहा लेख त्यात कोंबायचेच. वर पहिलं नावही सरांचंच. विभागात आम्ही याला नैवेद्य म्हणायचो. दाखवल्याशिवाय आपण जेवायचं नाही.

ऊसतोडीवरचा लेख मी लिहिला. मोळ्या वाहून बायकांच्या मानेचं, पाठीचं काय होतं त्यावर. छापून आला तेव्हा नाव एकट्या सरांचं. माझं आभारात. टायपिंगसाठी.

हे मी आईला सांगितलंच नव्हतं. तुझ्या बोलण्यावर लिहिलंय, ते सर मोठ्या सभेत सांगणार आहेत, एवढंच सांगून शेवगावहून बोलावून घेतलं. ती ठेवणीतलं लुगडं नेसून आली, शेवटच्या रांगेत माझ्याजवळ बसली. सर बोलायला उठले.

“मी स्वतः फडात गेलो. एका बाईला विचारलं, मोळी जड लागते का? ती मला म्हणाली, डोक्यावर मोळी असली की वर बघता येत न्हाई, अन् खाली बघितलं तर ती पडती.”

वाक्य आईचं होतं. भाकरी थापता थापता मला सांगितलेलं.

आई माझ्या कानाशी आली. “ह्यो मानूस कवा आल्ता गं आपल्याकडं?”

“न्हाई आला.”

“मंग म्या त्याला सांगितलं कसं?”

मग चहा. मग ते सॅम्पल.

एस.टी. स्टँडवर गाडीची वाट बघताना तिनं विचारलं, “सॅम्पल म्हंजी काय गं?”

“नमुना.”

“अन् तू हसलीस?” ती माझ्याकडं बघतही नव्हती. “मुकादम आईवरनं शिव्या द्यायचा. आमी मान खाली घालायचो. पर हसलो न्हाई कवा.”

मला लाज वाटायला हवी होती. राग यायला हवा होता. दोन्हीतलं काहीच झालं नाही. तिला गाडीत बसवलं, खोलीवर आले, जेवले, झोपले. दुसऱ्या दिवशी सरांसाठी चहा सांगितला. अंगाला चिमटा काढला तरी कळलं नसतं. असे किती दिवस गेले, मला सांगता येणार नाही.

पुढचा लेख ऊसतोड्यांच्या मुलींची शाळा का सुटते यावर होता. लिहिला मी, वर नाव सरांचं, आत नैवेद्य. नियतकालिकाकडून परीक्षकाचा प्रश्न आला, “दुधातल्या फॅटवरच्या लेखाचा मुलींच्या शाळेशी संबंध काय?”

सर म्हणाले, “लिही, व्यापक ग्रामीण संदर्भ. ते गप बसतात.”

एरवी तेच लिहिलं असतं. सगळे तेच लिहितात. मी लिहिलं, “काही संबंध नाही. गाइडचे लेख घालावेच लागतात म्हणून घातले. ते काढावेत. लेख मी एकटीनं लिहिला आहे. सरांचं नावही काढावं.” आणि पाठवून दिलं.

संपादकांनी सरांना विचारलं. सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. बसायला सांगितलं नाही.

“खाल्ल्या घरचे वासे मोजतेस?”

“खाल्लं कुणी, सर?”

त्यांचा चेहरा लाल झाला. “माझ्या सहीशिवाय कशी डॉक्टर होतेस तेच बघतो.”

“बघा,” मी म्हणाले आणि बाहेर आले.

लेख अडकलाय. गाइड बदलायचा अर्ज दिलाय. सरांच्या विरोधात कोण घेणार मला? विभागातले मला बघून रस्ता बदलतात. इतकी वर्षं पाण्यात. बरं वाटतंय असं खोटं सांगणार नाही. अजून आत बधिरच आहे.

पण हा लेख माझ्याच नावानं जाईल. इथं नाही छापला तर दुसरीकडं. सरांचा एकही दाखला त्यात नसेल. पीएच.डी. न होताच मेले तरी नसेल. आणि मोळ्यांवरचा तो पहिला लेख चोरीचा आहे, अशी लेखी तक्रार मी विद्यापीठाकडं केली आहे. ती दाबली तर दुसरी करीन. दुसरी दाबली तर तिसरी करीन.