डोरोथीबाईंचं मूळ गाव

ज्याला आपलं मूळ गाव सांगता येत नाही तो माणूस निम्माच जन्मलेला असतो, असं ठाम मत असलेला जगात एकच गृहस्थ मला माहीत आहे, आणि तो नेमका माझ्या सासरी निघाला. माझ्या सासऱ्यांचे थोरले भाऊ, म्हणजे आमचे काका, पेनसिल्व्हेनियातले पूल तपासायच्या सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन तिथल्याच स्टेट कॉलेज नावाच्या गावी राहत होते. नव्वद सालानंतर माझ्या नवऱ्याला तिथल्या विद्यापीठात काम मिळालं आणि आम्ही काकांपासून दोन घरं सोडून राहायला गेलो. विमानतळावर ते घ्यायला आले, तेव्हा आमची विचारपूस करण्याआधी त्यांनी सामान उचलणाऱ्या हमालाला त्याचं मूळ गाव विचारलं होतं. पोस्टमन, नळ दुरुस्त करणारा, दुकानातली गल्ल्यावरची पोरगी, कुणाचीच सुटका नव्हती. एकदा डेंटिस्टने तोंडात दोन हत्यारं घातलेली असताना काकांनी त्याला कसाबसा हा प्रश्न टाकला, आणि दाढ भरून होईपर्यंत तो बिचारा पोलंडातल्या पणजोबांबद्दल बोलत राहिला. 'ओहायो' असलं उत्तर काकांना चालत नसे. "ओहायो आत्ताआत्ताचं. त्याच्या आधी?"

या प्रश्नाला सरळ 'माहीत नाही' म्हणणारी पहिली व्यक्ती म्हणजे काकांच्या शेजारच्या डोरोथीबाई. वय ऐंशी, नवरा गेलेला. एप्रिलअखेर घर विकून त्या ॲरिझोनाला मुलाकडे कायमच्या जाणार होत्या. त्यांचे आजोबा इंग्लंडहून आले, पण कुठल्या गावाहून ते त्यांनी जन्मात कुणाला सांगितलं नाही. "माझे वडील शेवटच्या आजारात मला विचारत होते, आपण कुठले गं," डोरोथीबाई म्हणाल्या. "घर सोडायच्या आधी तेवढं कळलं असतं तर बरं वाटलं असतं." काकांनी कपाळाला हात लावला आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागले. धागा एवढाच होता की घरच्या बायबलच्या पहिल्या पानावर आजोबांचं पूर्ण नाव होतं, थॉमस हार्वे पेल, आणि पुढे परगणा, सफोक.

गावातल्या एका चर्चच्या तळघरात वंशावळी शोधणाऱ्यांसाठी छोटी लायब्ररी होती. इंग्लंडमधल्या खेड्यापाड्यांच्या चर्चची जुनी दप्तरं तिथे फिल्मच्या रिळांवर मागवता येत, आणि एका यंत्राची मूठ फिरवत वाचता येत. दर गुरुवारी मी काकांना तिथे गाडीने न्यायची, कारण वाटेत एक पूल होता. जन्मभर पूल तपासल्यामुळे काका स्वतः पुलावरून गाडी नेत नसत. "आतून माहीत आहेत मला," म्हणत. मी नेली की मात्र डोळे मिटून बसत. लायब्ररीत मफलर गुंडाळून बसायचे, चिवड्याचा डबा दारातच तिथल्या बाईंकडे जमा व्हायचा, आणि शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या पाद्र्यांशी त्यांची ओळख वाढत जायची. "या माणसाचं अक्षर दर जानेवारीत बिघडतं बघ. शाई गोठत असणार." किंवा, "हा नवीन आलाय. टापटीप आहे, पण टिकायचा नाही." बाप्तिस्म्याच्या पानावर मुलाचं नाव, आईबापांची नावं, राहण्याचं ठिकाण आणि बापाचा धंदा असे रकाने असत. धंदा बहुधा शेतमजुरी. फेब्रुवारीत काकांना वेदरली नावाच्या खेड्यात हार्वे पेल याचा मुलगा थॉमस सापडला. त्यांनी मला दूध पावडरचे पेढे करायला लावले. डोरोथीबाईंनी बायबलमध्ये शाईने 'वेदरली' लिहिलं आणि मुलाला फोन करून सांगितलं.

दोन आठवड्यांनी आम्ही त्यांच्याकडे चहाला गेलो होतो. कपाटावर त्यांच्या नातवाचा पदवीचा फोटो होता आणि खाली नाव होतं, मायकेल डेव्हिड. काकांनी आस्थेने विचारलं, "आणि डेव्हिड हल्ली काय करतो?"

"कोण डेव्हिड?"

"याचे वडील."

"याचा बाप रॉन. माझा मुलगा. तुम्ही भेटलाय त्याला."

"मग डेव्हिड कोण?"

"कोणी नाही. ऐकायला छान वाटलं, म्हणून ठेवलं."

काकांनी कप खाली ठेवला. आपल्याकडे मधलं नाव बापाचं असतं, आणि तीस वर्षं अमेरिकेत काढून काका सगळ्यांची नावं तशीच वाचत आले होते. ऑफिसातल्या साहेबांच्या मधल्या नावावरून काकांनी साहेबांच्या वडिलांचं नाव अर्ल ठरवलं होतं, आणि दर नाताळाच्या कार्डात त्या अर्लना नमस्कार कळवला होता. मुख्य म्हणजे बापाचं नाव हार्वे नाही म्हणून त्यांनी किती थॉमस पेल मागे टाकले होते, देव जाणे. ते उभे राहिले. "डोरोथीबाई, वेदरली खोडा. चूक माझी आहे." बाईंनी काही खोडलं नाही. एवढंच म्हणाल्या की घर द्यायला सात आठवडे राहिलेत.

मग आम्ही आठवड्यातून तीनदा जायला लागलो. काका चिवडा विसरायला लागले. एप्रिलच्या मध्यावर लिटल मार्डन नावाच्या खेड्याच्या दप्तरात ती नोंद सापडली. मुलाचं नाव थॉमस हार्वे. आई मेरी पेल, अविवाहित. बापाचा रकाना कोरा. लायब्ररीतल्या बाईंनी वाकून पाहिलं आणि शांतपणे सांगितलं की अशा आया पुष्कळदा त्या माणसाचं आडनाव मुलाच्या नावात मध्ये घालत. दुसरीकडे कुठे लिहायला जागाच नसे.

गाडीत बसल्यावर काका "म्हणजे मधलं नाव बापाचंच होतं," म्हणाले, पण त्यात आनंद नव्हता. "सूनबाई, आजोबा जन्मभर का बोलले नाहीत ते कळलं. आता मी कशाला बोलू?"

मी म्हटलं, "त्यांनी गाव विचारलंय. गाव सांगा, बाकीचं राहू द्या."

"अर्धा पूल पास करता येत नाही गं," काका म्हणाले.

त्यांनी सगळं सांगितलं. डोरोथीबाईंनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "आजोबा सही करताना 'हार्वे' कधी गाळत नसत." मग वेदरलीवर रेघ मारून त्यांनी लिटल मार्डन लिहिलं आणि खाली सावकाश लिहिलं, मेरी पेल. काकांच्या दिवाणखान्यात अकरा पिढ्यांची वंशावळ टांगलेली होती. ती बाईंनी पुष्कळदा पाहिलेली. त्यांनी सहज विचारलं, "तुमच्या कागदावर तुमची आई कुठे आहे?"

त्या कागदावर एकही बाई नव्हती. "लक्ष्मी," काका म्हणाले. "म्हणजे ते लग्नात ठेवलेलं नाव. आधीचं..."

रविवारी सकाळी त्यांनी आईचं माहेरचं नाव विचारायला मिरजेला माझ्या सासऱ्यांना फोन लावला. सासरे म्हणाले, "दादा, आई गेली तेव्हा मी पाळण्यात होतो. तूच चार वर्षांचा होतास. मला कसं माहीत असणार?" मामांकडचं कुणी हयात नव्हतं. काकांनी रिसीव्हर ठेवला आणि भिंतीवरच्या वंशावळीसमोर जाऊन उभे राहिले. अख्ख्या स्टेट कॉलेजला गाव विचारणारा तो माणूस इतका एकटा मी कधी पाहिला नव्हता. मला फार वाईट वाटलं.

थोड्या वेळाने ते माझ्याकडे वळले. "तुझं माहेरचं नाव काय गं?"

लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि सासरी हे मला कुणी विचारलं नव्हतं. "सुमन," मी म्हटलं. किती दिवसांनी ते माझ्या तोंडून बाहेर पडलं होतं. काकांनी वंशावळ भिंतीवरून उतरवली आणि माझ्या नवऱ्याच्या नावाशेजारी माझी दोन्ही नावं लिहिली. मग त्याच कागदावर दोन पिढ्या वर, आपल्या वडिलांच्या शेजारी 'लक्ष्मी' लिहिलं आणि पुढे एक नाव मावेल एवढी जागा सोडली.

डोरोथीबाई ठरल्या दिवशी ॲरिझोनाला गेल्या. काकाही आता नाहीत, वंशावळ आमच्याकडे आहे. ती जागा अजून कोरीच आहे.