साष्टी बेटावरच्या यादवबाई

ठाण्याच्या कोपरीहून मिठागरांकडे जाणाऱ्या रस्त्याला आवडाबाई पाटलांचं कौलारू घर होतं. घराच्या पडवीला लागून दोन खोल्या होत्या आणि तिथे यादवबाई राहायच्या. नाव ऐकून आलेला नवखा माणूस दारातच थबकायचा. दार उघडणारी बाई चांगली उंच, गोरीपान, डोळे निळसर. सुती पाचवारी साडी चापूनचोपून नेसलेली. त्याला काही सुचायच्या आत ती म्हणायची, "या की. बसा. कोण बाळंत व्हायचंय?"

त्यांचं खरं नाव यादविगा. त्या पोलंडच्या. दुसऱ्या महायुद्धात रशियन सैन्याने त्यांच्या घरच्यांना उचलून सैबेरियात नेलं. तिथून सुटका झाल्यावर इराणमार्गे हजारो पोलिश बायका-मुलं हिंदुस्थानात आली आणि त्यातली बरीचशी कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत राहिली. यादविगा आणि तिची धाकटी बहीण हान्का त्यांच्यातच होत्या. आई वाटेत इराणातच गेली. छावणीच्या दवाखान्यात यादविगा बाळंतपणं करायला शिकली, आणि बाजारात भाजी घेता घेता मराठी शिकली. कोल्हापूरच्या लोकांनी नावाचा घोळ मिटवून तिला यादवबाई करून टाकलं. तिथल्या बायका स्वतःबद्दल "मी आलो, मी गेलो" असंच बोलतात, ती लकबही तिने उचलली आणि ती पुढे कधी सुटली नाही.

छावणी बंद व्हायची वेळ आली तेव्हा कुणी इंग्लंडला गेलं, कुणी आफ्रिकेत, कुणी ऑस्ट्रेलियात. हान्का बेल्जियमला गेली, तिथे तिचं लग्न ठरलं होतं. यादवबाईंना कुठेच जायचं नव्हतं. त्यांचं गाव नकाशावर आता पोलंडमध्ये नव्हतं, रशियाच्या हद्दीत गेलं होतं. त्याच सुमारास कल्याणच्या छावण्यांमध्ये सिंधमधून आलेल्या निर्वासितांसाठी नर्स हव्यात असं त्यांना कळलं. एका छावणीतून त्या दुसऱ्या छावणीत आल्या. "छावणीत काय लागतं ते मला ठाऊक होतं," असं त्या सांगायच्या. "औषधाच्या आधी पडदा लागतो. बाईला आडोसा पाहिजे."

तिथेच ठाण्याच्या डॉक्टर मंदाकिनी गुप्ते यांनी त्यांचं काम पाहिलं. मंदाकिनीबाईंनी ठाण्यातच, खोपटला, छोटंसं प्रसूतिगृह काढलं होतं. त्यांनी यादवबाईंना ठाण्यात आणलं आणि आवडाबाईंकडे त्यांच्या राहण्याची सोय लावून दिली. मग एके दिवशी त्यांना घेऊन त्या माझ्याकडे आल्या. मी तेव्हा ठाण्याच्या कोर्टात वकील म्हणून नुकताच उभा राहू लागलो होतो. मंदाकिनीबाई म्हणाल्या, "प्रभाकर, यांना इथेच राहायचंय. कायमचं. काय करावं लागेल ते बघ."

मी तोपर्यंत कुळकायद्याची आणि बांधाची भांडणं सोडून काही पाहिलं नव्हतं. परदेशी माणसाने हिंदुस्थानात कसं राहायचं हे मला माझ्या वरिष्ठांकडून आणि मुंबईच्या दोन वकिलांकडून समजून घ्यावं लागलं. युरोपातून चार दिवस फिरायला येणाऱ्याचं सोपं होतं. तो आपल्या देशाच्या पासपोर्टावर व्हिसा घेऊन यायचा, पोलिसांकडे नोंद करायचा आणि मुदत संपली की परत जायचा. यादवबाईंच्या पासपोर्टावर लढाईत लंडनला आसरा घेतलेल्या ज्या पोलिश सरकारचा शिक्का होता, त्या सरकारला आता जगात फारसं कुणी मानत नव्हतं. परत जा म्हटलं तरी जायचं कुठे, हाच प्रश्न होता.

मी त्यांना दोन वाटा सांगितल्या. एक म्हणजे जिल्हा पोलिसांकडून राहण्याचा परवाना घ्यायचा आणि दर वर्षी तो वाढवून घ्यायचा. दुसरी वाट नव्या राज्यघटनेतली. घटना अमलात येण्याआधी पाच वर्षं जो इथे राहत होता आणि ज्याने हाच देश आपला मानला होता, त्याला नागरिक म्हणवून घेता येत होतं. पण कोल्हापूर तेव्हा संस्थान होतं, आणि छावणीत राहणं म्हणजे नाइलाजाने राहणं, असं सरकारी वकील म्हणणार हे उघड होतं.

"कोर्टात भांडता येईल," मी म्हणालो. "वेळ लागेल, पण येईल."

यादवबाईंनी थोडा विचार केला. "भांडून घरात शिरायचं नाही," त्या म्हणाल्या. "दर वर्षी परवाना मागंन. देतील तवर राहीन."

त्या वर्षापासून आमचा एक शिरस्ताच पडला. वर्षातून एकदा मी त्यांच्याबरोबर पोलिसांच्या कचेरीत जायचो आणि परवान्याची मुदत वाढवून घ्यायचो. परवान्यावर एक अट होती. मुक्काम ठाण्यात, आणि बाहेर रात्र काढायची असली तर आधी कळवायचं.

या अटीतली गंमत त्यांनीच मला दाखवली. हान्काला पाठवायला त्या नकाशा पाहत होत्या. बोट ठेवून म्हणाल्या, "वकीलसाहेब, ठाणं बेटावर हाय की. खाडीच्या अलीकडं साष्टी, पलीकडं कळवा, डोंबिवली, कल्याण. म्हंजे परवान्यानं मला बेटावर ठेवलंय."

मी जन्मापासून ठाणेकर, पण आपण बेटावर राहतो असं माझ्या मनात कधी आलं नव्हतं. पूल ओलांडला की कळवा, एवढंच. यादवबाईंनी मात्र बहिणीला कळवून टाकलं की मी गरम मुलखातल्या एका बेटावर राहते. हान्काने उलट विचारलं, तिथे आणखी माणसं आहेत का?

माणसांची तर रीघ असायची. कोपरीतल्या आगरी बायका आधी प्रसूतिगृहाचं नाव काढलं की नाही म्हणायच्या. मग यादवबाईंनीच घरोघर जायला सुरुवात केली. आवडाबाई त्यांच्यापुढे चालायच्या. आवडाबाईंचं मिठागर होतं, चार घरांत शब्द चालायचा, आणि स्वतःची दोन मुलं बाळंतपणात गेल्याचं त्या विसरल्या नव्हत्या. त्या दारात उभं राहून सांगायच्या, "ही आमचे घरची हाय. हिचा हात हलका हाय. ऐका तिचा." संध्याकाळी दोघी पडवीत सुकट निवडत बसायच्या. एकीचं कोल्हापुरी, दुसरीचं आगरी. मी मध्ये बसलो तर माझंच मराठी परकं वाटायचं.

त्रेपन्न सालच्या उन्हाळ्यात मात्र घोळ झाला. डोंबिवलीजवळच्या एका पाड्यावर गुणाजी म्हात्रे म्हणून एक शेतकरी होता. त्याची बायको गोदा अडली होती. तो धापा टाकत आला तेव्हा मंदाकिनीबाई मुंबईला गेल्या होत्या. यादवबाई पिशवी उचलून तशाच त्याच्याबरोबर गेल्या. मुलगी झाली, पण गोदाचा रक्तस्राव थांबेना, मग ताप आला. तिला हलवणं शक्य नव्हतं. यादवबाई तिथेच राहिल्या. कळवायचं राहून गेलं.

नेमका त्याच दिवसांत परवान्याच्या तपासणीसाठी एक हवालदार आवडाबाईंकडे आला.

"ती परदेशी बाई कुठाय?"

"परदेशी कोन हाय हितं?" आवडाबाई म्हणाल्या. "यादवबाई पल्याड गेलीय, बालंतीन बघाला."

"कधी येणार?"

"बालंतीन उठंल तवा."

हवालदाराने ते जसंच्या तसं लिहून घेतलं. यादवबाई परतल्या तेव्हा बोलावणं आलेलं होतं. अट मोडली की परवाना रद्द होऊ शकतो, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि न जेवता झोपून गेल्या. चार रात्रींची झोप राहिली होती. मला मात्र झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही कचेरीत गेलो. अधिकारी मध्यम वयाचे, शांत गृहस्थ होते. त्यांनी हवालदाराचा जबाब वाचला, पुन्हा वाचला आणि चष्मा काढला.

"नियम मोडलात, हे मान्य आहे?"

"हो. मोडला. कळवायला पाहिजे होतं."

"पुन्हा असं झालं तर काय कराल?"

यादवबाईंनी खरं तेच सांगितलं. "पुन्हा बाई अडली तर मी पुन्हा जाणार. पण कळवीन."

मी डोळे मिटून घेतले. अधिकाऱ्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग त्यांनी विचारलं, "ती बाई कशी आहे आता?"

"उठून बसली. पेज प्याली."

त्यांनी ताकीद लिहिली, सही केली, आणि खाली एक ओळ वाढवली: कामानिमित्त खाडीपलीकडे जावं लागल्यास जिथे मुक्काम होईल तिथल्या पोलीस ठाण्यात कळवलं तरी चालेल. बाहेर आल्यावर यादवबाई म्हणाल्या, "आता पल्याडबी माझं ठिकाण झालं." त्यांचा चेहरा इतका खुलला होता की मला हसू आलं.

पंचावन्नच्या अखेरीला नागरिकत्वाचा नवा कायदा झाला आणि माझं काम सोपं झालं. मी पडवीत बसून सगळ्यांसमोर तो समजावून सांगितला. परदेशी माणसाला आता रीतसर नागरिक होता येत होतं. काही वर्षं इथे राहिलेलं हवं, वागणूक चांगली हवी, देशातली एखादी भाषा यायला हवी, आणि पुढेही इथेच राहायचा इरादा हवा. "शिवाय," मी सहज म्हणालो, "इथल्या नागरिकाशी लग्न केलेल्या बाईला याहून सोपी वाट आहे."

आवडाबाईंनी हे नीट ऐकून ठेवलं. दोन दिवसांनी त्यांचा दीर काळुराम धुतलेलं धोतर नेसून, डोक्याला तेल लावून यादवबाईंच्या दारात आला. काळुराम विधुर होता, मिठाच्या होड्या चालवायचा, सरळ माणूस. तो उंबऱ्याशीच उभा राहिला.

"वहिनी बोलली, लगीन केला त सरकार तुमाला जाव देनार नाय," तो म्हणाला. "माजी ना नाय."

यादवबाईंनी त्याला आत बसवलं, चहा दिला. "काळूभाऊ, सरकारसाठी लगीन करायचं नसतंय," त्या म्हणाल्या. "तुमी लई चांगले हाय. पण मला भाषा येती. मी परीक्षा दीन."

काळुरामने चहा संपवला. त्याला बरंच हलकं वाटलं असावं, कारण जाताना तो म्हणाला, "बरा झाला. माजी पोरगी रडत व्हती." पुढे त्या मुलीची सगळी बाळंतपणं यादवबाईंनीच केली.

अर्ज गेल्यानंतर वर्षभराने चौकशी निघाली. चौकशीला आलेले अधिकारी त्र्यंबकराव पुण्याचे होते. त्यांनी अदबीने विचारलं, "आपण मराठी कोठे शिकलात?"

"कोल्हापुरात, भाजी घेताना. मग हितं, कोपरीत, बाळंतिणी ओरडत्यात तवा."

"वाचता येतं?"

त्यांनी समोरच्या वर्तमानपत्रातला मजकूर वाचून दाखवला. जोडाक्षरांवर थोडं अडखळल्या, पण अर्थ बरोबर सांगितला. त्र्यंबकरावांनी मग सहज म्हणून विचारलं, "आपण स्त्री असून 'मी आलो' असं का म्हणता?"

"कोल्हापुरात सगळ्या बायका म्हणत्यात," त्या म्हणाल्या. "चूक हाय काय?"

त्र्यंबकराव विचारात पडले. त्यांच्या सुनेचं माहेर सांगलीकडचं होतं, आणि तीही असंच बोलायची. "नाही," ते म्हणाले, "चूक नाही म्हणता येणार."

शेवटचा प्रश्न राहिला होता. "इथेच कायम राहण्याचा आपला इरादा आहे, हे कशावरून धरायचं? आपल्या नावावर जागा नाही, इथे नातेवाईक नाहीत."

मी तयार करून ठेवलेलं उत्तर देणार, एवढ्यात यादवबाईच बोलल्या. "तळ्याजवळच्या चर्चच्या फादरना मी सांगून ठेवलंय. भिंतीकडच्या बाजूला, चाफ्याच्या झाडाखाली मला पुरायचं. त्यांनी हो म्हटलंय. मेल्यावर कुठं जायचं ते ठरलंय साहेब. तवर मी दुसरीकडं कशाला जाऊ?"

हे मलाही माहीत नव्हतं. त्र्यंबकरावांनी लेखणी खाली ठेवली. मग पुन्हा उचलून त्यांनी जे लिहिलं ते मी उलट्या बाजूने वाचलं: अर्जदाराचा इरादा पक्का आहे.

सत्तावन्न साली त्या भारताच्या नागरिक झाल्या. निष्ठेच्या शपथेआधी नाव-गाव सांगताना त्यांचा आवाज एकदाच, आईच्या नावापाशी, कापला. घरी आल्यावर आवडाबाईंनी त्यांची ओटी भरली आणि तांदळाच्या भाकऱ्या, कोळंबीचं कालवण असं जेवण सगळ्या गल्लीला घातलं. मंदाकिनीबाई आल्या, माझी बायको उत्तरा आमच्या धाकट्याला घेऊन आली. तोही यादवबाईंच्याच हातावर जन्मलेला.

पुढच्या वर्षी हिवाळ्यात हान्का आली. बेल्जियमच्या पासपोर्टावर, प्रवासी व्हिसावर. दोघी बहिणी दहा वर्षांनी भेटत होत्या. हान्काला पहिले दिवस जड गेले. ऊन, डास, तिखट. मग तिला खाडीची भरती-ओहोटी पाहत बसायची सवय लागली. आवडाबाई तिला मिठागरात न्यायच्या आणि मीठ ओढायचं लांब दांड्याचं फावडं तिच्या हातात द्यायच्या. मुदत संपत आली तेव्हा हान्का बहिणीला घेऊन माझ्याकडे आली. मुदत वाढवून मिळेल का, असं तिने विचारलं. मिळते, मी म्हणालो, थोडी. कारण काय लिहायचं?

यादवबाईंनी पोलिशमध्ये तिला विचारलं आणि हसून मला मराठीत सांगितलं, "लिहा, मीठ अजून सुकायचंय."

मी तसं लिहिलं नाही. प्रकृतीचं कारण लिहिलं, आणि तेही काही खोटं नव्हतं. ती आली तेव्हा काटकुळी होती आणि आता तिच्या गालांवर रंग चढत होता. मुदत वाढून मिळाली. त्या दोघी माझ्या घरून निघाल्या तेव्हा उत्तराने दारातून विचारलं, जेवूनच का जात नाही. यादवबाई म्हणाल्या, आज नको, डोंबिवलीला गोदाच्या पोरीला ताप आलाय, हान्कालाही नेतो बरोबर. आणि दोघी स्टेशनच्या रस्त्याला लागल्या.