शेजारच्या सीटचा पट्टा

गाडी म्हातारी झाली की कुरकुरायला लागते. परवा आतून पुसताना मी शेजारच्या सीटचा पट्टा सोडवला. तेव्हापासून सीट रिकामी असली तरी पट्ट्याचा लाल दिवा पेटतो आणि गाडी टुंगटुंग करत राहते.

तो पट्टा माझ्या बायकोने, सुमनने, अडकवलेला होता. साडी चुरगळते म्हणून ती आधी रिकाम्या सीटवर पट्टा लावायची आणि मग त्याला टेकून बसायची. मी रागावलो की म्हणायची, "अहो, दिवा विझला ना? झालं तर मग." आजारपणात ती गेली, पट्टा तसाच राहिला.

मेकॅनिकने सीटखाली हात घालून पाहिलं. "काका, सेन्सर दबून बसलाय. गाडीला वाटतंय, इथे कुणीतरी बसलंय. वायर काढून टाकू?"

गाडीला अजून वाटतंय. घरात तर तिची खुर्चीसुद्धा आता कपडे टाकायची झाली आहे.

"राहू दे," मी म्हणालो.

निघताना वाकून तो पट्टा रिकाम्या सीटवर लावला, अगदी तिच्यासारखा. दिवा विझला. आता फक्त तिने येऊन टेकायचं बाकी होतं. मी गिअर टाकायला जरा उशीरच केला.