केतकीचं नेट आणि माझ्या खिडकीतली टेकरी

बसा, चहा उकळतोय. तोवर माझी फजिती ऐकून घ्या. सगळ्या गल्लीला ठाऊक झालीय, तुम्हीच तेवढे राहिलात.

देवासला आमच्या इमारतीत तीन बिऱ्हाडं. सगळ्यात खाली चौधरी भिया, मधे केतकी आणि तिची आई, सगळ्यात वर आम्ही. तिघांत मिळून एकच नेट. त्याचा डबा जिन्यात टांगलेला, हिरवे दिवे लुकलुकणारा. कारखान्यातून मोकळा झाल्यापासून मला वेळच वेळ, त्यामुळे येता-जाता त्या दिव्यांकडे बघणं हे माझंच काम. कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही.

तर एका संध्याकाळी मधल्या मजल्यावरून केतकीचा रडवेला आवाज आला. ही कॉलेजात शिकते, आणि मोबाईलवर चौघी मैत्रिणींची टीम करून कसलीशी लढाई खेळते. एक मैत्रीण इंदूरला, एक रतलामला, एक भोपाळला. मला राहवतंय थोडंच? दार उघडंच होतं, गेलो आत.

"काय झालं गं?"

"काका, पुन्हा नेट अडकलं. मी जागच्या जागी उभी, आणि समोरच्याने येऊन आरामात मारलं." तिने डोळे पुसले. "रविवारी चारला मॅच आहे. आज त्या म्हणाल्या, अजून एकदा असं झालं तर तुझ्या जागी दुसरीला घेऊ."

आता पोरीची जागा जाणार म्हटल्यावर शेजाऱ्याने गप्प बसायचं? मी खुर्ची ओढली. तिने मला पिंग समजावला. आपण मारलेली हाक तिकडे पोचून उत्तर परत यायला जो वेळ लागतो, तो पिंग. चाळीस असला तर हिरवा, म्हणजे उत्तम. तिच्याकडे लाल चारशे दिसत होता.

"सकाळी चांगला असतो काका. दुपारी तीननंतर बिघडतो, तो दिवेलागणीपर्यंत."

"म्हणजे कुणीतरी तीननंतर नेट खातंय," मी म्हणालो. "शोधून काढू. घरोघरी जाऊन एकेक वस्तू बंद करायची आणि तू आकडा बघायचा."

खरं सांगतो, इतका आनंद मला कित्येक महिन्यांत झाला नव्हता. घरोघरी जायचं, आणि तेही कारण असताना.

आधी खाली. चौधरी भिया रोज सांगायचे की टीव्हीवर मी फक्त मंडीचे भाव बघतो. मी टकटक करून थेट बैठकीत शिरलो, तर पडद्यावर कुणी कोरियन बाई पावसात रडत होती आणि भियांच्या हातात रुमाल.

"कई हुई गयो, काका?"

"भिया, टीवी बंद करो. नेट की जाँच चल रही है."

"पाँच मिनट रुको ना. अभी उसका भाई मिलने वाला है."

भाऊ भेटेपर्यंत आम्ही दोघंही थांबलो. मग टीव्ही बंद केला. मी जिन्यातून ओरडून विचारलं, "किती?"

"चारशे दहा!"

मग केतकीच्या आईचा मोबाईल बंद केला. त्यावर त्या कुणाच्या लग्नाचे फोटो बघत होत्या ते मी ओझरतं पाहून घेतलं. आकडा हलेना. डबा बंद करून पुन्हा चालू केला, तर घडीभर हिरवा आणि परत लाल. शेवटी केतकी म्हणाली, "काका, तुमच्याकडे काय चालू आहे?"

"आमच्याकडे? पंखा."

"एकदा बघून येऊ?"

"बघ की. आमच्या घरी लपवायला काय आहे?"

आली वर. हातात मोबाईल, नजर आकड्यावर. पुढची खोली झाली, स्वयंपाकघर झालं. मागच्या खोलीत जाऊन ती खिडकीपाशी उभी राहिली, आणि खिडकीतूनच आवाज आला,

"अगं ए मुली, बाजूला हो जरा. तुझ्या डोक्याआड सगळी टेकरी गेली."

केतकी दचकून भिंतीला चिकटली. "हे कोण?"

"कोण म्हणजे? आमची अक्का. धारला असते."

तुम्हाला म्हणून सांगतो. अक्काचे गुडघे गेलेत, देवासला येऊन देवीची टेकरी चढणं तिला होत नाही. आमच्या मागच्या खिडकीतून टेकरी समोर दिसते. म्हणून माझा जुना मोबाईल मी खिडकीत उभा करून ठेवला होता. रोज जेवण, वामकुक्षी झाली की अक्काला व्हिडिओ कॉल लावायचा तो आरतीच्या वेळेपर्यंत. ती तिकडे वाती वळत दर्शन घेते, मी इकडे माझ्या उद्योगाला मोकळा.

केतकी म्हणाली, "काका, हे रोज चालू असतं?"

"हो, पण त्याचं काय? बघतेय अक्का. नेट लागेल ते अक्काचं, धारचं. इथे कोण बघतंय? हा बिचारा नुसता उभा आहे."

तिने कपाळावर हात मारला. "काका, दाखवायलाही नेट लागतं. आपल्या लाईनीत यायचा रस्ता मोठा आहे आणि जायचा बोळ. त्या बोळात तुम्ही अख्खी टेकरी आणून उभी केलीत. माझी हाक जाणार कुठून?"

मी कॉल बंद केला. आकडा हिरवा झाला. अडतीस.

लगेच अक्काचा फोन. "देवी का घालवलीस?"

"अक्का, रविवारी चारला तासभर देवी दिसणार नाही. पोरीची मॅच आहे."

"मग मी काय भिंत बघू?"

"बघ. मीही तेच करणार आहे."

पण भिंत कुठली बघवते? रविवारी चारला मी केतकीच्या दारात स्टूल टाकून बसलो. भियांचा टीव्ही बंद, अक्का बंद, आकडा हिरवागार. मॅच सुरू झाली आणि केतकीने जोशात एका उंच गच्चीवरून उडी घेतली. खाली शत्रू नव्हता की काही नव्हतं, नुसती जमीन होती. संपली. मागोमाग टीमही हरली.

स्पीकरमधून इंदूरवाली म्हणाली, "केतकी, फिर से नेट?"

आवाज थंड होता. केतकी पडद्याकडे बघत राहिली. हिरवा अडतीस तिच्यासमोर चमकत होता.

मी स्टुलावरून उठलो. "बेटा, मैं ऊपर वाला काका बोल रहा हूँ. गलती मेरी है. टेकरी चालू रह गई थी."

"क्या चालू रह गई थी?"

मग मी सगळं सांगितलं, गुडघे, खिडकी, वाती. तिकडे तिघी एकदम हसायला लागल्या. भोपाळवाली म्हणाली, "केतकी, तू टीम में ही रह. अगली बार अंकल को बाँध के रखना."

केतकीने माझ्याकडे बघितलं. संध्याकाळी भजी वर आली.

तेव्हापासून नेटचं काहीही बिघडलं की नाव माझं. भियांची कोरियन बाई अडकली की खालून हाक येते, "काका, टेकरी बंद करो."

गेल्या आठवड्यात मी धारला अक्काकडे गेलो होतो. दोघं समोरासमोर बसून चहा पितोय, तेवढ्यात केतकीचा फोन.

"काका, नेट पुन्हा अडकतंय. बंद करा ना."

"अगं, मी धारला आहे. जुना मोबाईलही माझ्याच पिशवीत आहे."

"असं होय," म्हणाली आणि ठेवला.

मी गुपचूप पिशवीतून तो मोबाईल काढला आणि बंद केला. काय नेम, पिशवीतूनही खात असेल.