करवली काळी दिसू नये म्हणून

परवा वहिनीला घेऊन अलिबागला हाडांच्या डॉक्टरकडे गेले होते. मागच्या दारी शेवाळावरून घसरली, हात टेकला आणि मनगट मोडलं. एवढ्याशा पडण्याने... वय अजून पन्नाससुद्धा नाही!

प्लास्टर झालं. हाडं ठिसूळ झालीत म्हणाल्या डॉक्टरबाई, आणि विचारलं, "घरात मुलगी आहे का?" वहिनी म्हणाली, "हाय ना, बारा वर्साची."

"मग आता तिच्याकडे बघा. हाडं भरायचं हेच वय. दूध, नाचणी, काट्यासकट खाता येते ती बारीक मासळी द्या. आणि मुख्य म्हणजे उन्हात धावू दे, उड्या मारू दे."

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. का, ते मला माहीत होतं...

वहिनीची धाकटी चैतू कबड्डी काय खेळायची! रेवसच्या बाजूच्या आमच्या गावात मुलींची टीम आहे, शाळा सुटली की सर मैदानात सराव घेतात. चैतू चढाईला आली की समोरच्या पोरींना पळता भुई थोडी व्हायची.

पण थोरलीचं लग्न ठरलं आणि चैतू झाली करवली. करवली म्हणजे नवरीच्या मागोमाग प्रत्येक फोटोत! मग काय, अख्खं घर तिच्या मागे... "उनान जाव नको, काली परशील." आजी तेच, मावशी तेच, शेजारीणसुद्धा तेच. कबड्डी बंद, स्कार्फ सुरू. बारीक दिसायचं म्हणून पोरीने दूधही सोडलं, तेही कुणाला खटकलं नाही. लग्न झोकात झालं. फोटो सुंदर आलेत, खोटं कशाला बोलू.

तर परवा दवाखान्यातून आल्या आल्या वहिनी दारातूनच म्हणाली, "चैतू, जा गो खेलाला. सर बोलवतान ना?"

चैतूने मोबाईलमधून मान वर केली. "नको आई. परत काळी होईन."

रागाने नाही... अगदी समजूतदारपणे म्हणाली. वहिनी प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन ओट्यावर बसली, डोळे भरून आले तिचे. माझेही.

अभ्यास कर, मोबाईल ठेव, लवकर झोप... आमचं एक ऐकत नाही ही पोर. हे तेवढं कसं मनापासून ऐकलं!

काल संध्याकाळी पुन्हा मनवून पाहिलं. नाहीच. फार वाईट वाटतंय हो... तुमच्या घरी एखादी खेळणारी पोर असेल तर आजच तिला मैदानात सोडून या, तिच्या तोंडून "नको" यायच्या आत.