रॉनच्या कागदावरची सही

रविवारी दुपारी वरणभात जरा जास्त झाला की मी सोफ्यावर आडवी होते. टीव्हीवर निवडणुकीची चर्चा चालू आहे, आवाज बारीक केलाय. डोळे मिटतायत, पण पुरते मिटलेले नाहीत, आणि स्वयंपाकघरात कुणीतरी खुर्ची ओढतं.

लोरेनबाई बसल्यात. शेजारच्या लोरेनबाई, गेल्या महिन्यात अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी गेलेल्या. त्यांच्या दफनाला मी ऑफिसचं कारण सांगून गेले नव्हते. मांडीवर बाळाचं ब्लँकेट आहे, सुया चालल्यात.

"बस की," त्या म्हणतात. सारा जन्म ओहायोत काढलेली ही बाई माझ्या इचलकरंजीच्या मावशीसारखी बोलतेय, आणि मला त्याचं काहीच वाटत नाही.

"तुम्ही गेलात ना?"

"व्हय. पण मंगळवारची सभा राहिली न्हवं."

मंगळवारची सभा मला चांगलीच ठाऊक आहे. लोरेनबाईंच्या चर्चला आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या हॉलशेजारी एक घर उघडायचंय. लग्नाआधी दिवस गेलेल्या, घरच्यांनी बाहेर काढलेल्या मुलींसाठी. परवानगी द्यायची की नाही ते गावाची समिती मंगळवारी ठरवणार. विरोधाच्या अर्जावर एकतीस सह्या आहेत. त्यातली एक माझी.

मी खुर्चीत बसते तर ती सभागृहातली खुर्ची असते. समोर माइकपाशी रॉन उभा आहे. हा आमच्याच गल्लीतला, आणि ही सभा दोन वर्षांपूर्वीची, आमच्या हॉलच्या परवानगीची.

"कोण कुठला देव पुजतो याच्याशी मला देणंघेणं नाही," तो म्हणतोय. "मी स्वतः चर्चला जात नाही. पण या गावाचं एक रूप आहे. ते आहे तसं राहू दे."

मग लोरेनबाई उठतात, तेव्हा उठल्या होत्या तशाच. "ही माणसं लग्नं करतात, टिकवतात, म्हाताऱ्या आईबापांना सांभाळतात. चाळीस वर्षं मी या गावाला दुसरं काय सांगतेय?" हॉल मंजूर होतो, एका मतानं.

"तरी मी तुम्हा दोघांना एकाच माळेचे मणी समजत होते," मी कबूल करते. "दोघांच्या अंगणात एकाच पक्षाची पाटी."

"मत एका पेटीत टाकलं म्हणून काय झालं?" सुया थांबत नाहीत. "रॉनला घर बाहेरनं कसं दिसतंय त्याची काळजी. भाषा, पाट्या, सण, समदं आज्याच्या वेळचं पायजे. आत कोण कुणासंगं राहतंय, त्याचं त्याला काय न्हाई. मी आत बघते. लगीन, लेकरू, प्रार्थना."

"माझ्या मुलीच्या घरातही बघितलंत," मी फणकारते. लग्न न करता मित्रासोबत राहणं पाप आहे, असं यांनी तिला तोंडावर सांगितलं होतं.

"सांगितलं. आज बी सांगीन."

"त्या मुलींनाही सांगाल?"

"सांगीन. आन् जेवायला घालीन."

"मी बाईच्या हक्कासाठी सही केली," मी घाईनं म्हणते. "गर्भपाताला तुमच्या चर्चचा विरोध, म्हणून."

त्या पुढची ओळ विणायला घेतात. आता मी मंडळाच्या स्टेजवर आहे, मागे गणपतीची आरास. अकरा वर्षं सेक्रेटरी आहे मी. स्टेजवर मराठीच, जेवणात पिझ्झा नाही, हे नियम माझेच. पहिल्या रांगेत रॉन फेटा बांधून बसलाय आणि माझ्या प्रत्येक वाक्याला मान डोलावतोय. "हे आपल्या वातावरणाला शोभत नाही," मी माइकवर म्हणते, आणि मला आठवतं. रॉन त्या घराविरुद्धचा सह्यांचा कागद घेऊन आला तेव्हा मी हेच म्हणाले होते. गणपतीत आपल्या पोरी नऊवारी नेसून येणार आणि शेजारच्या पायऱ्यांवर त्या पोटुशा मुली बसलेल्या असणार. हक्काचं कारण मला नंतर सुचलं, गाडीत.

मला लाज वाटते. फेट्यातल्या रॉनकडेसुद्धा बघवत नाही.

"तुम्हाला कळलं होतं?"

"कागद माझ्या दारावर बी आला हुता. तुझी सही वरच हुती."

"मग बोलला का नाहीत?"

"त्याच आठवड्यात तू पुरणपोळ्या घेऊन आलीस. म्हटलं, आज सांगंल. मी दोन खाल्ल्या, वाट बघत. तू पावसापाण्याचं बोललीस आन् गेलीस."

त्या ब्लँकेट माझ्या हातात देतात. "धर. घट्ट धर, टाके सुटतील."

मी धरते. "लोरेनबाई, माफ..." पण खुर्ची रिकामी आहे, आणि कुणीतरी माइकवरून नाव आणि पत्ता विचारतंय.

जाग येते तेव्हा टीव्हीवर तीच माणसं भांडतायत. उजवी मूठ आवळलेली आहे. उघडते तर तळहातावर विणीचा ठसा, ओळीनं उलटसुलट टाके. सोफा चामड्याचा आहे. घरात लोकरीची एक वस्तू नाही. बोट फिरवते तर ठसा बोटाला लागतो.

मी लॅपटॉप उघडून समितीला लिहायला बसते. आधी लिहिते, सही गैरसमजातून झाली. मग ते खोडते. गैरसमज कसला, मला सगळं समजलं होतं. तळहातावरच्या कडेच्या ओळी पुसट व्हायला लागल्यात. मी लिहिते, हेमलता पडवळ, माझी सही काढा. मंगळवारी मी बोलायला येतेय, त्या घराच्या बाजूनं.