खरातकाका गेल्यावरही बोलत होते

रेकॉर्डिंग स्टुडिओत काम करणाऱ्या माणसाकडं गाण्यांपेक्षा किस्सेच जास्त साठतात. गाणं पुसता येतं, किस्सा पुसायची सोय नाही. पुंडलिकनगरातल्या आमच्या दोन खोल्यांच्या स्टुडिओत सगळ्यात जास्त किस्से खरातकाकांचे. आणि त्यातले बरेचसे काका गेल्यानंतरचे.

काका छावणी भागात राहायचे. भीमगीतं गायचे, आणि शहरातल्या जयंत्या, लग्नं, उद्घाटनं यांना निवेदक म्हणून आधी त्यांनाच बोलावणं जायचं. त्यांचं वीस वर्षांचं रेकॉर्डिंग आमच्याकडं होतं. ते गेल्यावर आमचे मालक देशपांडे यांनी ते सगळं कॉम्प्युटरला ऐकवलं. आपण टाइप करायचं, की ते काकांच्या आवाजात बाहेर यायचं. घरच्यांना विचारल्याशिवाय आवाज कुणाला द्यायचा नाही, एवढा नियम देशपांडेंनी केला.

*

पहिल्यांदा ऐकवायला शांताकाकू आणि त्यांची मुलगी प्रज्ञा यांना बोलावलं. कॉम्प्युटर म्हणाला, "नमस्कार मंडळी." प्रज्ञाच्या डोळ्यांत पाणी आलं. काकू कोऱ्या चेहऱ्यानं बसून राहिल्या.

"हे ते नाय," त्या म्हणाल्या. "ते खोकल्याबिगर कधी बोलले?"

काकांचा खोकला कापून टाकणं हेच माझं वीस वर्षांचं काम. त्या दिवशी चार तास बसून जुन्या टेपांमधून तो परत शोधला, जोडला, ऐकवला. काकूंनी पिशवीतून खडीसाखर काढली आणि स्पीकरसमोर ठेवली.

*

त्या वर्षी पावसानं लई दगा दिला. शहर चारी बाजूंनी वाढत होतं आणि नळाला पाणी आठ-आठ दिवसांनी. बजाजनगरातल्या एका कॉलनीच्या अध्यक्षांनी टँकरच्या सूचनांसाठी काकांचा आवाज मागितला.

"लोक त्यांचं ऐकतात," ते म्हणाले.

"पाण्याचं काम हाय, नाय कसं म्हणू?" काकू म्हणाल्या.

सकाळी भोंग्यावर काका बोलले, "मंडळी, टँकर निघालेला आहे, रांगेत यावं." रांग लागली. टँकर आला नाही. दुपारीही काका तेच बोलले, आणि टँकर तेव्हाही आला नाही. रांगेत काकांचे जुने ढोलकीवाले गायकवाड उभे होते. काकांना खांदा दिलेला माणूस. त्यांनी भोंग्याकडं मान वर केली आणि शांतपणे म्हणाले, "जिवंतपणी कधी खोटं बोलला नाहीस गड्या. मेल्यावर कुठून सवय लागली?"

संध्याकाळी अध्यक्षांचा फोन आला. "आवाज परत घ्या. लोक मला सोडून काकांना शिव्या द्यायला लागले."

*

मग एक बिल्डर आला. नव्या स्कीमची जाहिरात काकांच्या आवाजात पाहिजे म्हणाला. वाक्य एकच होतं, 'चोवीस तास पाणी.'

प्रज्ञानं सरळ नकार दिला. "बाबा असते तर हे बोलले नसते. ते नाहीत म्हणून त्यांच्या तोंडी घालायचं का?"

आठ दिवसांनी तो पेन ड्राइव्ह घेऊन परत आला. दुसरीकडून कुठून तरी काकांचा आवाज बनवून घेतला होता. आम्ही ऐकलं. "मी खरात. माझा आवाज वापरायला माझी काहीच हरकत नाही."

"खुद्द त्यांचीच परवानगी आहे," बिल्डर म्हणाला.

देशपांडेंनी टाइप केलं आणि बटण दाबलं. "मी खरात. माझी सक्त हरकत आहे."

बिल्डरनं तेही नीट ऐकून घेतलं. थोडा विचार केला. "यातलं शेवटचं कुठलं?" त्यानं विचारलं. "मृत्युपत्रात शेवटचंच धरतात."

तो गेल्यावर प्रज्ञा म्हणाली, "देशपांडेकाका, पुसून टाका सगळं." देशपांडेंनी मान डोलावली.

*

पुसायच्या आदल्या दिवशी दुपारी शांताकाकू एकट्याच आल्या.

"एक वाक्य बोलवून घ्यायचंय," त्या म्हणाल्या. "'शांता, चुकलं माझं.' बस, एवढंच. चाळीस वर्षांत एकदा बी म्हणाले नाय."

देशपांडेंनी टाइप केलं. खोलीत काकांचा आवाज आला, "शांता, चुकलं माझं."

काकूंनी डोळे मिटून ऐकलं. "परत," म्हणाल्या. परत लावलं.

मग देशपांडेंनी हळूच विचारलं, "झालं का समाधान, वहिनी?"

काकू स्पीकरकडंच बघत होत्या.

"कशाबद्दल, ते विचारा त्यांना."